काशिनाथचे आठ दिवस

मार्च लागला की आमच्याकडे शेतं पेटायला लागतात. पहिल्यांदा बघणारा घाबरतो. कल्याणच्या ऑफिसातला एक मित्र एकदा माझ्याबरोबर धसईला आला होता. डोंगराच्या पायथ्याला पाच-सहा ठिकाणी धूर बघून म्हणाला, अरे, कुणाला तरी फोन कर. मी म्हटलं, कुणाला करू, ज्यांना करायचा तेच काडी घेऊन बसलेत. मग त्याला राब समजावून सांगितला. ज्या तुकड्यात भाताचं रोप करायचं, तिथे आधी शेण पसरायचं, त्यावर तोडून वाळवलेल्या फांद्या, त्यावर गवत आणि झाडाखालच्या पानांचा पातेरा, आणि सगळ्यात वर भुरभुरून माती. वारा ज्या टोकाकडे जातो त्या टोकाला पेटवायचं, म्हणजे आगीला वाऱ्याच्या उलट यावं लागतं. ती धावत नाही, रांगते. धावली तर वरवर भडकते आणि खालची जमीन कच्चीच राहते. रांगत आली तर गवताचं बी मरतं, किडा मरतो, आणि जूनमध्ये रोप असं उभं राहतं की बघत बसावं.

त्या धुराला एक ओलसर, गोडुस वास असतो. ना धड लाकडाचा, ना धड शेणाचा. माझ्या नाकात तो आणि परीक्षा एकमेकांत मिसळून गेलेत ते गेलेतच. ओटीवर अभ्यासाला बसलं की वहीवर राखेचं एखादं काळं पान येऊन टेकायचं. फुंकलं तर उडायचं, बोटाने पुसलं तर रेघ ओढून जायचं. माझ्या बारावीच्या गणिताच्या वह्यांत तसल्या रेघा अजून आहेत. उत्तरं बरीचशी चुकलेली आहेत, रेघा मात्र सुरेख.

माझ्या फजितीच्या गोष्टी आमच्या भागात प्रसिद्ध आहेत आणि त्या प्रसिद्ध मीच केल्यात. भलत्याच मांडवात शिरून, पहिल्या पंगतीला जेवून, अहेर देऊन, वर नवरानवरीबरोबर फोटो काढून आलो, ती गोष्ट मला आता प्रत्येक लग्नात सांगावी लागते. शहापूरच्या मामाचा पंखा उलटा फिरवून दाखवतो म्हणालो आणि मामाच्या आळीत चार घरं दोन दिवस अंधारात बसली, तीही गोष्ट खपते. माणूस स्वतःवर हसायला लागला की लोक त्याला बरंच काही माफ करतात, हा शोध मला लवकर लागला होता. एक गोष्ट मात्र मी कधी कुणाला सांगितली नव्हती. कारण तीत फजिती माझी झाली नव्हती.

शतक संपायला एक-दोन वर्षं राहिली होती. मी मुरबाडला बारावीला होतो आणि काशिनाथही. तो आमच्या वरच्या आदिवासी वाडीतला, ठाकरांच्या घरातला. पाऊण तास डोंगर उतरून धसईला यायचा आणि तिथून आम्ही एकाच एसटीने पुढे जायचो. गणित त्याला शिकवावं लागायचं नाही. आपण पायवाटेकडे बघतो तसा तो गणिताकडे बघायचा आणि पलीकडे पोचलेला असायचा. मधल्या पायऱ्या लिहायचा नाही म्हणून त्याचे गुण कापले जायचे. मी त्याचं उत्तर उतरवून घ्यायचो आणि पायऱ्या माझ्या मनाने घालायचो, म्हणून माझेही कापले जायचे.

आम्हाला गणित शिकवायला बाई होत्या. बारीक, तुरुतुरु चालणाऱ्या, ओंजळीत खडूचा चुरा घेऊन फिरणाऱ्या. त्यांचा भाऊ अमेरिकेत. त्याने येताना त्यांना एक कॅल्क्युलेटर आणला होता, विटेएवढा जाड, वर बिस्किटाएवढा पडदा. त्यात समीकरण घातलं की तो त्याचा आलेख काढून दाखवायचा. परीक्षेत नेता यायचा नाही, पण बाईंचं म्हणणं असं की वक्ररेषा एकदा डोळ्यांसमोर वळताना बघितली की माणूस तिला आयुष्यभर घाबरत नाही. इंजिनिअरिंगच्या प्रवेश परीक्षेला आम्हा दोघांना बसवायचं त्यांनी ठरवलं होतं, आणि बारावीचे पेपर झाल्यावरही तिच्या तयारीसाठी त्या आम्हाला रोज मुरबाडला बोलवायच्या. मला जमलं तर जमलं, पण काशिनाथ लागलाच पाहिजे, हे त्या माझ्यासमोरच म्हणायच्या. मला त्याचं काही वाटायचं नाही. खरं ते खरं.

त्यांनी वाटणी केली. पहिले आठ दिवस माझे, पुढचे आठ काशिनाथचे. ज्या दिवशी त्यांनी तो मला चालवून दाखवला, त्या दिवशी काशिनाथ नेमका आला नव्हता. त्यांच्या घरी राब होता. बाईंनी मला सगळं समजावलं. सोबतचं पुस्तक भावाकडेच राहिलं होतं, म्हणून म्हणाल्या, "आता तूच त्याचं पुस्तक. चालू कसा करायचा इथपासून त्याला दाखव."

पुस्तक घरी गेलं आणि त्याला कॅल्क्युलेटरमध्ये साप सापडला. बाईंच्या भाच्याने त्यात खेळ भरून ठेवला होता. ठिपक्यांचा साप, तो दाणे खातो आणि वाढत जातो, स्वतःच्या शेपटीला चावला की मेला. आलेख मी पहिल्या दिवशी दोन काढले, दुसऱ्या दिवशी एक. मग सापच. चार बाणांची बटणं हरभऱ्याएवढी होती. साप लांब झाला की अंगठा पोचायचा नाही आणि तो मरायचा. अभ्यासातल्या अडचणीवर मी कधी इतका विचार केला नव्हता.

शहापूरला मामाकडे एक जळालेला टीव्ही गेम होता, त्याची जॉयस्टिक खिळ्याला लटकत होती. मी ती आणली. मागच्या सुट्टीत शहापूरच्या एका रेडिओ दुरुस्तीवाल्याकडे बसून मी तारांना सोल्डरचे डाग द्यायला शिकलो होतो, म्हणजे दहातले सहा डाग धरायचे. कॅल्क्युलेटर उघडला. मागे सहा स्क्रू. आत बटणांच्या रबराखाली काळे गोल ठिपके, प्रत्येक ठिपका मधून चिरलेला. बटण दाबलं की दोन अर्धुकं जुळतात, एवढीच गंमत. जॉयस्टिक उघडली तर तिच्यात तेच: चार दिशांना चार पत्र्याच्या पट्ट्या, दांडी झुकली की त्या दिशेची पट्टी टेकते. दोन घरांतली एकच रीत. मी पोराच्या केसाएवढ्या बारीक तारा काढल्या, आठ डाग दिले, श्वास रोखून.

आणि तो साप वळला. दांडी डावीकडे, साप डावीकडे. दांडी वर, साप वर. मला आठवतं, मी ओटीवर उभा राहिलो होतो. समोर शेजारच्या तुकाराम काकांच्या राबाचा धूर सरळ वर चालला होता, आई सूप घेऊन बसली होती, आणि मला हे कुणाला तरी दाखवावंसं वाटत होतं. आईला दाखवलं. ती म्हणाली, छान हाय, पण हा पेपरात येनार हाय का? मी म्हटलं, येतोय. आजवर मी हाताने केलेल्या गोष्टींत पहिल्यांदा चाललेली ती एकच. म्हणून तिथे थांबायला हवं होतं. पण पहिल्यांदा चाललेल्या गोष्टीपाशी थांबायचं असतं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

दोन दिवसांत सेल संपले. ते बारीक सेल धसईला मिळायचे नाहीत, मुरबाडला मिळायचे, पण दुसऱ्या दिवसापर्यंत थांबायला मी तयार नव्हतो. पण आमच्या घरात वीज होती, डबीतली. लोडशेडिंगमध्ये टीव्ही बघायला बाबांनी जीपची जुनी बॅटरी आणून ठेवली होती. बॅटरी बारा व्होल्टची. तिच्या डोक्यावर शिशाच्या पट्ट्या उघड्या होत्या. मधल्या पट्टीला तार टोचली की अर्धे, म्हणजे सहा मिळायचे. बाबा रेडिओ असाच लावायचे, आमच्याकडे घरोघरी तसाच लावायचे. कॅल्क्युलेटरचे चार सेल म्हणजे सहाच व्होल्ट. हिशेब चोख. रेडिओची तार आम्ही नेहमी बॅटरीच्या काळ्या टोकाकडून घ्यायचो, तेव्हा मधली पट्टी 'अधिक' धरायची. त्या दुपारी काळ्या टोकाला टीव्हीचा चिमटा गंजून बसला होता. ओढला, निघेना. म्हणून मी लाल टोकाकडून घेतलं. सहा तसेही आणि सहा असेही. फक्त आता मधली पट्टी 'उणे' झाली होती आणि माझ्या तारा होत्या तशाच. बारावीच्या सायन्सचा विद्यार्थी, अधिक-उणेला चुकला.

पडद्यावर शाई सांडल्यासारखा एक काळा डाग पसरला आणि विरून गेला. धूर नाही, आवाज नाही. राब एवढा पेटलेला गावभर, पण माझ्या हातातल्याला साधा वाससुद्धा आला नाही.

मी तारा काढल्या, डाग खरवडले, सहा स्क्रू बसवले. मुरबाडला जाऊन नवे सेल आणले, घातले, एकेक बटण दाबून पाहिलं. काही नाही. मऊ कपड्याने पुसला, असा चकचकीत की नवाच वाटावा. माझे आठ दिवस त्याच दिवशी संपत होते.

संध्याकाळी धसईच्या स्टँडवर काशिनाथ वाट बघत उभा होता. धुतलेला शर्ट घालून आला होता, एक वस्तू न्यायला. त्याने पंचा पसरला, त्यात कॅल्क्युलेटर ठेवला आणि मला विचारलं,

"चालू कसा करायचा रे सुऱ्या?"

मी म्हटलं, "घरी जाऊन बघ. सोपं आहे एकदम. तुला न जमायला काय झालं."

"सेल हायेत ना?"

"नवीन टाकलेत."

ते तेवढं खरं होतं. त्या आठवड्यात मी बोललेलं एकमेव खरं वाक्य. तो पंचाची गाठ मारून डोंगराच्या वाटेला लागला. गाठोडं त्याने खांद्याला अडकवलं नाही, दोन्ही हातांत धरलं होतं.

माझा हिशेब असा होता: तो उद्या येऊन सांगेल की चालत नाही. मग आम्ही दोघं बाईंकडे जाऊ, बाई म्हणतील यंत्र आहे, बिघडतं. दोघांत वाटला गेला की अपराध अर्ध्यावर येतो. मी त्याची वाट बघत राहिलो. तो रोज एसटीत भेटायचा, कॅल्क्युलेटरबद्दल अक्षर नाही. डोळे तांबारलेले असायचे. मी विचारलं नाही. आठ दिवसांनी त्याने तो बाईंना परत दिला तेव्हा मी शेजारीच उभा होतो. बाईंनी विचारलं, बघितलंस ना सगळं, कसा वाटला? काशिनाथ म्हणाला, "चांगलाय, बाई." बाईंनी तो पिशवीत टाकला. मला इतकं हायसं वाटलं की मी त्या दिवशी दोघांसाठी वडापाव घेतला. त्याने अर्धाच खाल्ला.

प्रवेश परीक्षेचा अर्ज त्याने भरला नाही. बाईंनी दोनदा समजावलं, एकदा त्याच्या वाडीपर्यंत चढून गेल्या. तो म्हणाला, घरी राबाला माणूस नाय, मला नाय जमायचा. बाई चिडल्या, मग त्यांनी तो विषय सोडला. मी भरला. मला मिळाली ती जागा शेवटच्या यादीतली होती, पण मिळाली. कॅल्क्युलेटरचं पुढे काय झालं, तर बाईंनी तो सुट्टीनंतर काढला आणि म्हणाल्या, उन्हाने गेला वाटतं. कुणावर संशयसुद्धा नाही. मला त्या वर्षी जॉयस्टिक जोडता आली होती. काशिनाथचा न भरलेला अर्ज आणि ते आठ दिवस मात्र जोडता आले नाहीत. जोडायचेच नव्हते, असंही असेल.

त्याला आता दहा-अकरा वर्षं झाली. मी कल्याणला नोकरी करतो, आसनगावला राहतो, मार्चमध्ये दोन दिवस राबाला घरी येतो. राबाला माझा काही उपयोग नसतो. बाबा मला पाण्याची कळशी घेऊन बांधावर उभं करतात, लहानपणी करायचे तसं. काशिनाथ गवंडी झाला. मुरबाडपासून शहापूरपर्यंत घरांचे जिने त्याच्या हातचे. पहिल्या पायरीआधीच तो सांगतो शेवटची कुठे येईल, आणि ती बोटभरही हलत नाही, असं लोक सांगतात. आमच्यात भांडण नाही, बोलणं आहे, चेष्टा आहे. आमच्या ओटीच्या पायऱ्याही त्यानेच बांधल्या.

या वर्षी आमच्या राबाला तो मदतीला आला होता. सकाळी वारा पडलेला होता, आग चांगली रांगत होती, म्हणून आम्ही बांधाच्या सावलीत न्याहारीला बसलो. बाबा, तुकाराम काका, काशिनाथ आणि मी. भाकरी, सुकटीची चटणी. काकांनी मला मांडवाची गोष्ट सांगायला लावली, त्यांनी ती वीसेक वेळा ऐकली असेल. सगळे हसले. मग काशिनाथ म्हणाला, थांबा, आज माझी पन एक सांगतो, सुऱ्यालापन म्हाईत नाय.

आणि त्याने सांगितलं. बाईंनी त्याला अमेरिकेचा एक कॅल्क्युलेटर दिला होता, शंभर घरांत एक असा, आणि काशिनाथला तो आठ दिवसांत चालूच करता आला नाही. उन्हात धरून बघितला, घोंगडीत गुंडाळून बघितला, आजोबांनी त्यावर अंगारा लावून बघितला. मग डोकं लावलं. एकेक बटण दाबून झालं, तेव्हा त्याला वाटलं, दोन बटणं एकदम दाबायची असतील.

"पन्नास बटनं," तो म्हणाला. "दोन-दोनच्या जोड्या होतात बाराशे पंचवीस. वहीत लिवल्या आनि एकेक खोडत गेलो. सहाव्या रातीला संपल्या."

काका डोळे पुसत हसत होते. बाबांना ठसका लागला. काशिनाथ स्वतः हसत म्हणाला, "तवाच कळला, ह्यो आपल्या डोक्याचा काम नाय. जो साधा चालू करता येत नाय, त्यात शिरायचा कसा? बाईंना काय सांगनार. चांगलाय म्हनलो."

मीही हसलो. हे लिहायला मला जड जातंय, पण हसलो, आणि सगळ्यांत मोठ्याने.

मग आग पलीकडच्या कोपऱ्याकडे वळली म्हणून बाबा आणि काका उठून गेले. काशिनाथ भाकरीचा शेवटचा तुकडा चटणीवर फिरवत होता. मी म्हटलं, काशिनाथ, तो बंदच होता. जॉयस्टिकपासून मधल्या पट्टीपर्यंत सगळं सांगितलं. फजितीसारखं सांगायला गेलो, आवाज तसा निघाला नाही. त्याने मान वर केली नाही.

"तू दिलास तवाच बंद होता?"

"हो."

"सेल नवीन हायेत म्हनलास."

"सेल नवीनच होते."

त्याने भाकरीचा तुकडा खाली ठेवला आणि आगीकडे बघितलं. आग बांधापासून चार हातांवर आली होती, जळालेल्या भागावर राखेची पांढुरकी साय धरली होती. मला वाटलं, आता शिवी देईल. ती मी घेतली असती, तिची मला गरज होती. पण त्याने विचारलं, "चालू असता तर काय दिसला असता?"

मी काटकी घेतली आणि मातीत दोन रेघा मारल्या, एक आडवी, एक उभी. म्हटलं, इथे समीकरण घालायचं. मग इथून एक ठिपका निघतो, असा खाली उतरतो, शून्याला वळतो आणि असा वर चढतो. वर्गाचा आलेख असा. मग घनाचा काढला. तो माझ्या काटकीच्या टोकाकडे बघत होता, त्याच जुन्या नजरेने, आणि माझी काटकी पोचायच्या आधी त्याची नजर रेघेच्या टोकाला पोचलेली असायची.

"एवढाच?"

"एवढाच."

"ह्यो तर मी हातानं काढायचो," तो म्हणाला. आणि मग, माझ्याकडे न बघता, अगदी हळू म्हणाला, "मग मला जमला असता."

पलीकडून काकांनी हाक मारली, एक ठिणगी गवतात गेली होती. काशिनाथ उठला, ओला डहाळा घेतला आणि आमच्या आलेखांवरून चालत तिकडे गेला. पाण्याची कळशी माझ्या शेजारीच होती. बाबा पाणी आण म्हणून ओरडत होते, आणि मी बसूनच होतो.